जर, तर आणि शिडी

तीर्थस्वरूप वहिनींना,

धाकट्या दिराचा नमस्कार. (पायांवर डोकं ठेवून केला आहे असं समजावं. प्रत्यक्षात टेबलावर वाकून लिहितो आहे, पण वाकण्याचा कोन साधारण तोच आहे.) आम्ही इकडे सगळे ठीक आहोत. सगळे म्हणजे मी आणि ही. हिची दाढ अधूनमधून ठणकते, माझी डावी टाच थंडीत दुखते आणि उन्हाळ्यातही दुखते, त्यामुळे हवामानाचा दोष नसावा. तुमचा खोकला कसा आहे? मागच्या पत्रात तुम्ही 'बरा आहे' एवढंच लिहिलं होतं. त्यावरून खोकला बरा झाला की खोकला छान चालू आहे, हे काही कळेना. दादाची तब्येत विचारणं माझ्या तत्त्वात बसत नाही, म्हणून विचारत नाही. तुम्ही आपणहून कळवलीत तर वाचायला माझी हरकत नाही.

आणि तुम्ही कळवलीतच. तुमचं पत्र मिळून पंधरा दिवस झाले. 'बारा तारखेला ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. नंतर तीन आठवडे उठता-बसता कुणीतरी धरायला लागेल. माझ्याच्यानं ते होणार नाही. तुम्हाला बोलवू नको असं ह्यांनी दोनदा बजावलं आहे, म्हणून लिहिते आहे. येणार की नाही, एका शब्दात कळवा.' वहिनी, तुमच्यासारखं नेमकं लिहिणारं माणूस आपल्या घराण्यात दुसरं नाही. मी लगेच कागद घेतला आणि एक शब्द लिहायला बसलो. पहिला कागद फाडला, दुसरा फाडला, तिसऱ्यावर पेनची शाई तपासायला गोल गोल काढले. शेवटी हिने विचारलं की एका शब्दाला किती कागद लागतात. तेव्हा माझ्या लक्षात आलं की एका शब्दाचं उत्तर द्यायचं तर आधी दहा पानं खुलासा करावा लागेल, आणि तो मी करतो आहे. चहा घेऊन बसा.

तुम्हाला सगळं ठाऊकच आहे, तरी पहिल्यापासून सांगतो, कारण मुद्देसूद लिहिण्याची मला नुकतीच सवय लागली आहे. सहा वर्षांपूर्वीपर्यंत आम्ही दोघे भाऊ एकाच दुकानात पाट्या रंगवत होतो. दादा अक्षरं काढायचा. चित्रं, नक्षी आणि शेवटचा हात माझा. (त्याचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे, हे मी सहा वर्षांत कुणाजवळ बोललेलो नाही. तुमच्याजवळ बोललो, पुढे जाऊ देऊ नका.) त्या दिवशी लोखंडी सामानाच्या दुकानाची लांबलचक पाटी होती. मी वर, दादा खाली शिडीशी. मी पडलो. टाच मोडली आणि सात आठवडे प्लास्टरमध्ये होतो. दवाखान्यात सगळ्यांच्या देखत मी म्हणालो की दादाने शिडी सोडली. दादा म्हणाला, मी शिडी धरली होती. बस, तेवढंच. तुमचे यजमान भांडतानासुद्धा पाटीवर जागा कमी असल्यासारखे बोलतात. दुसऱ्या दिवशी तेच चार शब्द, आठवड्याने तेच चार शब्द. त्या दुकानातले लोक तर सांगत होते, की मी फरशीवर पडून विव्हळत होतो तेव्हाही दादा दोन्ही हातांनी शिडी धरूनच उभा होता आणि त्याला हलवून सोडायला लावावी लागली. यावर मी सगळ्यांना म्हणालो, आधी सोडली असेल आणि मग घाबरून धरली असेल. पुढे तुम्हीच एकदा लिहिलं होतं की दादा आता कुणाची शिडी हाताने धरत नाही, दोरीने खांबाला बांधतो. तेव्हाही मी हिला म्हणालो, बघ, ही कबुलीच झाली की नाही.

असो. मी घर सोडलं तेव्हा, तोंडी बोललेलं लोक विसरतात म्हणून, पत्र्याच्या पट्टीवर पक्क्या तैलरंगात माझं वचन लिहिलं आणि ती पट्टी तुमच्या मागच्या दारावर ठोकली. निळ्यावर पांढरी अक्षरं: 'जर दादाने चूक कबूल केली, तर मी या घरात पाऊल ठेवीन.' ('चूक' हा शब्द लाल रंगात. उन्हाने उडाला असेल तर ती माझी नाही, त्या रंगाच्या डब्याची चूक.) दादाने कबूल केली नाही, मी पाऊल ठेवलं नाही. सहा वर्षं मी माझ्या शब्दाला जागलो आहे आणि या गावात माझी तीच एक ख्याती आहे. आता तुम्हीच सांगा, तुम्हाला 'येतो' लिहावं तर तैलरंगातला शब्द मोडतो. 'येत नाही' लिहायला गेलो तर पेन पुढे सरकत नव्हतं. तिसरा शब्द मराठीत नाही.

अशा अवस्थेत तिढा सोडवला तो एका शाळेच्या ऑर्डरने. इथल्या शाळेत गणिताच्या एक बाई आहेत. मूर्ती लहान, बाहीला कायम खडूची पूड, चष्मा गळ्यातल्या दोरीला, आणि बोलणं इतकं सावकाश की दोन शब्दांच्या मध्ये माझा ब्रश धुऊन होतो. त्यांना गणिताच्या वर्गासाठी बारा फलक हवे होते. मला वाटलं त्रिकोण असतील, वर्तुळं असतील, जरा हात मोकळा होईल. पण त्यांनी दिलेल्या कागदांवर आकडाच नव्हता. नुसती वाक्यं होती आणि चौकटी. जसं लिहिलं आहे तसंच उतरवा, स्वतःचं काही घालू नका, असं त्यांनी तीनदा बजावलं. (मी दुखावलो. पण तीनदा का बजावलं, ते पुढे येईलच.)

पहिल्या फलकावर होतं: जे वाक्य निश्चितपणे सत्य असतं किंवा असत्य असतं, पण एकाच वेळी दोन्ही नसतं, त्याला विधान म्हणतात. खाली लिहिलं होतं की प्रश्न, आज्ञा, इच्छा आणि उद्गार ही विधानं नव्हेत. रंगवता रंगवता माझा हात थांबला. वहिनी, तीस वर्षं मी पाट्या रंगवल्या. 'येथे गाडी लावू नये.' 'हात लावू नका.' 'रांगेत उभे राहा.' 'आपले स्वागत असो.' यात विधान एकही नाही. तीस वर्षांत मी खोटं अक्षर लिहिलं नाही, असं छातीठोकपणे सांगत आलो. पण खोटं ठरू शकेल असं मी काही लिहिलंच नव्हतं. मग मला नादच लागला. एक दिवस सकाळपासून दुपारपर्यंत हिची वाक्यं मोजली. एकंदर एक्केचाळीस. त्यात सतरा प्रश्न, वीस आज्ञा, तीन उद्गार (तिन्ही माझ्याबद्दल) आणि विधान फक्त एक: 'दूध उतू गेलं.' ते सत्य होतं, आणि मी मोजत बसलो होतो म्हणूनच ते सत्य झालं होतं. तुमचं पत्रही मोजलं. चार विधानं आणि एक आज्ञा. चारही विधानं सत्य, याबद्दल मला काडीची शंका नाही.

दुसरा फलक सत्यता मूल्याचा. म्हणजे प्रत्येक विधानाच्या खिशात एक चिठ्ठी असते, तिच्यावर 'सत्य' किंवा 'असत्य' यांपैकी एकच लिहिलेलं असतं. बाईंनी उदाहरण दिलं होतं: 'या बरणीतल्या मण्यांची संख्या सम आहे.' बरणीचं चित्र मात्र माझं, आणि छान आलं आहे. मी बाईंना विचारलं की मणी कुणी मोजलेच नाहीत तर? त्या म्हणाल्या, तरी ते विधान सत्य किंवा असत्य असतंच. मी म्हटलं, कधीच कुणी मोजले नाहीत, बरणी फुटली, मणी गटारात गेले, तरी? तरी, म्हणाल्या. आपल्याला ठाऊक नसणं आणि ते ठरलेलं नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला एकदम चार शब्दांचं एक वाक्य आठवलं. त्याचंही काहीतरी एकच मूल्य असणार. मी ब्रश धुवायला मागे गेलो. ब्रश स्वच्छच होता.

तिसरा फलक नकाराचा, आणि त्याने शेजारच्या न्हाव्याचा बळी घेतला. शाळेची चार बाकंही मी रंगवायला घेतली होती. ती दुकानापुढे ओळीने मांडली आणि वर पाटी लावली: 'सर्व बाकं ओली आहेत.' (मुद्दाम विधान केलं. 'बसू नये' लिहिलं असतं तर ती आज्ञा झाली असती आणि मला आता आज्ञांचा कंटाळा आला होता.) त्यातलं कडेचं बाक आदल्या दिवशी रंगवलेलं, खडखडीत वाळलेलं. न्हावी पांढरा कोट घालून उन्हाला बाहेर आला, त्याने कडेच्या बाकाला बोट लावून पाहिलं आणि मला म्हणाला, तुमची पाटी खोटी आहे. मी प्रामाणिकपणे कबूल केलं, की हो, खोटी आहे. तेव्हा तो समाधानाने वळला आणि दुसऱ्या बाकावर टेकून बसला. नेमक्या बाई आल्या. त्यांनी त्याच्या पाठीवरचे हिरवे पट्टे नीट पाहिले आणि सांगितलं, की 'सर्व बाकं ओली आहेत' याचा नकार 'एकही बाक ओलं नाही' असा होत नाही. 'निदान एक बाक ओलं नाही' एवढाच होतो. न्हावी म्हणाला, ते सगळं खरं, पण हा कोट कोण धुणार? बाई म्हणाल्या, हा प्रश्न आहे, हे विधान नाही. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी दाढी करताना वस्तरा गळ्यावर असताना त्याने मला शांतपणे विचारलं, की सर्व गिऱ्हाइकं सुखरूप बाहेर जातात, याचा नकार काय होईल. मी म्हटलं, समजलं, कोट मी धुऊन देतो.

मधल्या फलकांवर 'आणि' होतं, 'किंवा' होतं. 'किंवा' स्वभावाने दिलदार, दोनातलं एक सत्य असलं तरी त्याला चालतं. 'आणि' मात्र खाष्ट, दोन्ही सत्य लागतात. पण दोन्ही सत्य असली तर त्याची काही तक्रार नसते, मग ती दोन विधानं एकमेकांशी कितीही फटकून वागत असोत. हे जरा लक्षात ठेवा, पुढे लागेल. (हे वाक्य पत्र पुरं झाल्यावर मध्ये घुसवलं आहे. आधी लिहिताना ते लागेल असं वाटलं नव्हतं.)

आता नववा फलक. यावर 'जर-तर' होतं. चौकटीत चार ओळी. पहिली ओळ: 'जर'चा भाग सत्य, 'तर'चा भाग सत्य, सगळं मिळून सत्य. ठीक. दुसरी: 'जर' सत्य, 'तर' असत्य, सगळं असत्य. तेही ठीक. तिसरी ओळ: 'जर' असत्य, 'तर' सत्य, आणि सगळं मिळून म्हणे सत्य. चौथीत दोन्ही असत्य, तरी सगळं सत्य. मी म्हटलं, बाईंची इथे नक्कीच डुलकी लागली असणार. ज्याची सुरुवातच असत्य ते सत्य कसं होईल? शाळेच्या भिंतीवर चूक जाणार, मुलं तीच शिकणार, आणि खाली रंगवणाऱ्याचं नाव माझं. तेव्हा मी आपुलकीने तिसऱ्या आणि चौथ्या ओळीत 'सत्य' काढून टाकलं आणि ठसठशीत लाल रंगात 'असत्य' लिहिलं. वर दोन हात वॉर्निश मारलं.

बाई आल्या. फलकापुढे उभ्या राहिल्या. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग वाळलेल्या बाकावर (आधी बोट लावून) बसल्या आणि हे कुणी केलं म्हणून विचारलं. मी म्हटलं, आभार मानू नका, माणसाकडून चुका होतात. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला समोर बसवलं आणि म्हणाल्या, समजा सकाळी तुम्ही बायकोला सांगितलंत, 'जर पांढरा रंग संपला, तर मी बाजारात जाईन.' रंग संपला, तुम्ही गेलात: शब्द पाळलात. रंग संपला, तुम्ही गेला नाहीत: शब्द मोडलात. रंग संपलाच नाही आणि तुम्ही दुकानातच बसलात, तर बायको तुम्हाला खोटारडे म्हणेल का? मी म्हटलं, बाई, ती मला एरवीही म्हणते. बाई म्हणाल्या, तुमची बायको चौकटीत नाही. बरं, नाही म्हणणार. आता रंग संपला नाही, पण तुम्ही खिळे आणायला बाजारात गेलात. मग शब्द मोडला का? मी म्हटलं, छे, त्याचा काय संबंध? रंग संपला नाही तर काय करीन, हे मी कुठे बोललो होतो? बाई म्हणाल्या, ही तिसरी ओळ.

वहिनी, न्हाव्याने वस्तरा धरला होता तेव्हाही मी इतका स्थिर बसलो नव्हतो. मग मी घसा साफ करून बाईंना म्हटलं, की माझा एक बेकरीवाला मित्र आहे, त्याने असं असं वचन दिलं आहे, भावाने चूक कबूल केली तर घरी जाईन म्हणून. बाईंनी विचारलं, 'तर' म्हणाला होता की 'तरच'? यात म्हणे फार फरक पडतो, 'तरच' असतं तर गोष्ट वेगळी झाली असती. मी लगेच ऑर्डरची जुनी वही काढली, कारण प्रत्येक पाटी रंगवण्याआधी मी तीत आखून घेतो, आणि पान उघडून दाखवलं: 'तर'. बेकरीवाल्याच्या घरगुती भांडणाची पट्टी माझ्या वहीत कशी, हे बाईंनी विचारलं नाही. मोठ्या मनाच्या आहेत. त्या एवढंच म्हणाल्या, की भावाने चूक कबूल केली नाही तर काय करायचं, याबद्दल तुमच्या मित्राने काहीच वचन दिलेलं नाही. सहा वर्षांत तो कुठल्याही दिवशी जाऊ शकला असता आणि त्याचा शब्द मोडला नसता. त्याला कुणीच अडवलेलं नव्हतं. मग उठल्या आणि म्हणाल्या, ते लाल काढा.

दोन दिवस मी वॉर्निशखालचं ते लाल टर्पेंटाइनने खरवडत होतो. सहा वर्षं, वहिनी. तुमच्या दारासमोरच्या रस्त्याने मी एकदा गेलो होतो, तुम्हाला माहीत नाही. कोपऱ्यावर उभा राहून खिडकीत वाळत घातलेला दादाचा रंगाळलेला शर्ट पाहिला आणि शब्द दिला आहे म्हणून परत फिरलो. आणि तेव्हाही त्या पट्टीवर मला अडवणारं एक अक्षर नव्हतं. मला रडू आलं. टर्पेंटाइन डोळ्यांत गेलं असं हिला सांगितलं. ही म्हणाली, सहा वर्षं मी कानीकपाळी ओरडते आहे, की जायचं तर जा. त्यासाठी बारा फलक रंगवायची काय गरज होती? मी तिला समजावलं, की तू करत होतीस ती आज्ञा होती, आणि मला पाहिजे होतं प्रमाण. यावर तिने जे म्हटलं ते उद्गारात मोडतं.

तेव्हा सारांश असा. मी अकरा तारखेला सकाळी पोचतो. यात माझा शब्द मोडत नाही, हे गणिताने सिद्ध झालं आहे. दादाने चूक कबूल करावी असा माझा आग्रह नाही. त्याने ती केली नाही म्हणून मी रागावलेलाही नाही. झालं गेलं विसरून, मोठ्या मनाने मी येतो आहे, असं त्याला योग्य शब्दांत सांगा. खाण्यापिण्याचं काही विशेष करू नका. झोपायला जागा कुठेही चालेल, दादाच्या खोलीत खाली चटई टाकली तरी चालेल, म्हणजे त्याला उठायचं झालं की हाक मारावी लागणार नाही.

तुम्हाला पुन्हा नमस्कार. घरात माझ्याहून लहान कुणी नाही, त्यामुळे आशीर्वाद माझ्याजवळच शिल्लक राहतात.

तुमचा, शब्दाचा पक्का,
धाकटा दीर

ता. क. पत्र वाचून पाहिलं तेव्हा लक्षात आलं की तुम्ही मागितलेला एक शब्द सुटा असा कुठेच नाही. तो असा: येतो. एक काम मात्र तेवढं करा. मागच्या दारावरची ती पट्टी मी यायच्या आत काढून ठेवा. वचन मोडलेलं नाही हे खरं, पण आत शिरताना ती डोक्यावर नको वाटते.

ता. क. दुसरं. पाकीट चिकटवणार तोच हिने पत्र वाचायला मागितलं. सगळं वाचलं, बाकाच्या ठिकाणी हसली, आणि मग म्हणाली, तुम्हाला मोजायची हौस आहे ना, मग शिडी सोडल्याबद्दलची विधानं मोजा. मी मोजली. 'मी म्हणालो की दादाने शिडी सोडली', हे आहे. 'आधी सोडली असेल असं मी म्हणालो', हेही आहे. 'दादाने शिडी सोडली' हे विधान दहा पानांत एकदाही नाही. मी तसं म्हणालो होतो, हे सत्यच आहे. जे म्हणालो ते मात्र सत्य नाही. ही म्हणाली, ते लिहिल्याशिवाय पाकिटाला हात लावू देणार नाही. तिला किती दिवसांपासून कळलेलं आहे हे मी विचारलं नाही. तर लिहितो.

पाटीच्या पार टोकाला एक ठिपका राहिला होता. दादा खालून म्हणाला, उतर, शिडी सरकवू. दोन मिनिटांचं काम. मी हो हो म्हटलं आणि उतरलो नाही. डावा पाय पावसाच्या पाण्याच्या पाइपवर ठेवला. तरी हात पुरेना, म्हणून उजवाही ठेवला. पाइपची पट्टी भिंतीतून निघाली. दादाने हे पाहिलं नाही, कारण वरून रंगाचे थेंब पडतात म्हणून तो नेहमी मान खाली घालून शिडी धरायचा. त्याच्या हातात शिडी तशीच होती आणि मी जमिनीवर होतो. 'दादाने शिडी धरली होती' आणि 'मी पडलो', ही दोन्ही विधानं सत्य आहेत. दवाखान्यात तुम्ही सगळे जमलात, मला लाज वाटली आणि तोंडातून निघून गेलं. मग परत घेता येईना. दादाने चूक केलीच नव्हती, मग तो कबूल काय करणार? म्हणजे ज्या वचनातला 'जर' कधी सत्य होणारच नव्हता, असं वचन मी दिलं. ते पाळायला काहीच लागत नाही, म्हणून मला सहा वर्षं पाळता आलं. आणि दादा दोरीने शिडी बांधतो असं तुम्ही लिहिलंत, तेव्हा मला बरोबर कळलं होतं. त्याला कळतच नसेल की धरलेली शिडी सुटली कशी. सहा वर्षं तो स्वतःच्या हातांवर संशय घेत बसला, आणि मी ते घेऊ दिलं. चूक माझी आहे, वहिनी. मी ती कबूल करतो.

ता. क. शेवटचं. हे दुसरं ता. क. दादाला मोठ्याने वाचून दाखवा, बाकीचं पत्र नाही वाचलंत तरी चालेल. वाचून झाल्यावरही तो म्हणाला की त्याला बोलवू नकोस, तर ती आज्ञा झाली. तिला सत्यता मूल्य नसतं आणि मी यायचा तो येणारच. ती पट्टीही राहू द्या, काढू नका. मी पांढरा, निळा आणि लाल रंग घेऊन येतो, मजकूर बदलू. अक्षरं त्यानेच काढावीत. तीन आठवडे उठता-बसता त्याला मी धरीन. फक्त त्याला आत्ताच सांगून ठेवा, मी धरलेलं असताना दुसरीकडे कुठे पाय ठेवायचा नाही.